साकिउसा काहीच उचलत नाही

परोपकार करायचा तर तो मोघम करू नये, हे शहाणपण साकिउसाला एकसष्टाव्या वर्षी आलं, आणि तेही फॉर्म भरून दिल्यावर.

फॉर्म चर्चच्या समितीचा होता. फेब्रुवारीतल्या वादळाने रा प्रांताच्या किनाऱ्यावरची गावंच्या गावं उघडी पाडली होती, आणि ज्यांची घरं गेली त्यांना घरं बांधून द्यायला स्वयंसेवक हवे होते. तीन आठवडे मुक्काम, जेवण गावाचं, हातोडी ज्याची त्याने आणायची. फॉर्मात एक रकाना होता, 'कोणत्या गावी जाण्याची इच्छा आहे?' साकिउसाच्या मनात एकच नाव होतं, वुनिवेसी. त्याचं स्वतःचं गाव. पण जमीन मोजणीच्या कचेरीत अडतीस वर्षं नकाशे काढलेल्या माणसाने 'मला माझ्या गावी पाठवा' असं लिहायचं, म्हणजे फारच उघडं पडायचं. म्हणून त्याने नकाशावर लिहितात तशा टपोऱ्या अक्षरांत लिहिलं, 'जिथे गरज असेल तिथे.' वाचणाऱ्याने काय ते ओळखावं, अशी अपेक्षा होती.

वाचणारी होती समितीची सेक्रेटरी माकेरेता, आणि ती लिहिलेलं तेवढंच वाचणाऱ्यांपैकी होती.

"काका, काय सांगू, डोळ्यांत पाणी आलं माझ्या," ती म्हणाली. "बाकी सगळे आपापल्या गावाचं नाव टाकून बसलेत. शेवटी आम्ही नियमच केला, कुणालाही स्वतःच्या गावी धाडायचं नाही. नाहीतर जो तो भावाचंच घर बांधेल. तुमच्यासारखी निरपेक्ष माणसं कुठे मिळतात आता?"

"हो ना," निरपेक्ष माणूस म्हणाला, आणि घरी आला.

साकिउसा वुनिवेसीला गेला नव्हता त्याला बावीस वर्षं झाली होती. शेवटचा गेला तो वडिलांच्या मयतीला, आणि पोचला तो माती झाल्याच्या दुसऱ्या दिवशी. कचेरीत एक नकाशा अर्धवट होता, तो पुरा करून निघाला होता. थोरला भाऊ एरोनी सगळ्या गावादेखत बायकोला म्हणाला, "पाहुणे आलेत. चटई टाक." बस्, एवढंच. ज्या घरात आपण जन्मलो त्या घरात साकिउसा त्या चटईवर बसला, चहा प्यायला, आणि संध्याकाळच्या बसने राजधानीला, सुव्याला परतला. त्यानंतर लग्नाकार्याला कापड गेलं, चर्चच्या बांधकामाला हातभार गेला, साकिउसा गेला नाही. सुव्याजवळच्या नासिनूच्या घरात सकाळी चहा पिताना त्याला अजून वाटायचं, की आता गावच्या चुलीचा धूर नाकात जाईल. नाकात जायचा तो बसचा.

बायको लोसालिनीने हातोडी बघितली आणि ती खुर्चीत बसून हसली. "तू? घर बांधणार? नळाचं वॉशर बदलायला गेलास तेव्हा दोन दिवस आख्ख्या गल्लीला पाणी नव्हतं."

शेजारचा बिसेसर, निवृत्त बस ड्रायव्हर, कुंपणावरून सल्ला द्यायला हजर होताच. त्याने आयुष्यात फक्त बस चालवली होती, म्हणून बांधकामाबद्दल त्याची मतं ठाम होती. "हे बघ भैया, खिळा कधी सरळ मारायचा नाही. तिरपा मारायचा. वादळ सरळ येतं, ते तिरप्या खिळ्याला फसतं." त्याने स्वतःची गवती हॅट, एक पाणसळ आणि आंब्याच्या लोणच्याची बाटली दिली. पाणसळीतला बुडबुडा एकाच टोकाला चिकटलेला होता. बिसेसर म्हणाला तेवढं बघून घ्यायचं.

समितीने साकिउसाला पाठवलं नासोकोला. आता दैवाची गंमत बघा. नासोको आणि वुनिवेसी ही एकाच खाडीची दोन टोकं. नासोकोच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर, पाण्यापलीकडे, वुनिवेसीची छपरं मोजता येतात. साकिउसाने ट्रकमधून उतरल्याबरोबर ती मोजली. तेवीस होती. त्यातल्या एका घरावर पत्रा नव्हता, निळी ताडपत्री होती. चर्चपासून तिसरं घर, मोठ्या वडाच्या डावीकडे. नकाशेवाल्याला दोनदा मोजायची गरज नव्हती. ते एरोनीचं घर होतं.

तुकडीत सहा जण होते, पाच कारकून आणि एक सुतार. सुताराचं नाव इनोके, आणि पाचांकडे बघताना त्याच्या चेहऱ्यावर जो भाव यायचा तो वादळात घर गेलेल्यांच्याही चेहऱ्यावर नव्हता. गावात शिरताना रीतीप्रमाणे यंगोनाची, म्हणजे मानाच्या पेयाची, मुळं पुढे ठेवली, मुखियाने ती स्वीकारली, टाळ्या झाल्या, कटोरी फिरली. सगळं कसं गंभीर. मग मुखियाने एकेकाला गाव विचारायला सुरुवात केली.

"सुवा," साकिउसा म्हणाला.

दारापाशी बसलेली एक सत्तरीची, अंगाने भरभक्कम बाई पुढे सरकली. हिचंच घर बांधायचं होतं. नाव वासिती. "सुव्यात माणसं राहतात," ती म्हणाली. "सुव्याचं कुणी नसतं. गाव कुठलं?"

साकिउसाने घसा साफ केला. "वुनिवेसी."

असा काही गलका उठला की बाहेरची कुत्री पळाली. वासितीने एका झेपेत साकिउसाच्या डोक्यावरची हॅट उडवून स्वतःच्या डोक्यावर घातली. "ताउवु! अगं बायांनो, ताउवु आलाय!"

दोन्ही गावांचा मूळपुरुष एक, म्हणून ही गावं एकमेकांची ताउवु. ताउवुला वाट्टेल ते बोलावं आणि त्याची दिसेल ती वस्तू खुशाल उचलावी. रागावायची सोय नाही. संध्याकाळपर्यंत साकिउसाची हॅट, लोणचं, साबण, बॅटरी आणि कमरेला गुंडाळायच्या दोन सुलूंपैकी एक गेली होती. बाकीच्या चार कारकुनांच्या पिशव्यांना कुणी बोटही लावलं नाही. त्यांना चहाबरोबर बिस्किटं मिळाली. साकिउसाला चहा मिळाला आणि वासितीचं एक निरीक्षण, "वुनिवेसीची माणसं खेकडे धरायला जातात आणि खेकडे त्यांना धरून घरी आणून सोडतात."

यावर सगळं गाव साकिउसाच्या तोंडाकडे बघू लागलं. साकिउसा सभ्यपणे हसला आणि म्हणाला, "अस्सं का?" गावाचा चेहरा पडला.

प्रत्यक्ष घराची कथा फार लांबड न लावता सांगायची तर ती अशी. पत्रे आले, खिळे आले नाहीत. खिळे आले तेव्हा सिमेंटच्या पोत्यांवर पाऊस पडून त्यांचे धोंडे झाले होते. बिसेसरची पाणसळ इनोकेने एकदाच डोळ्याला लावली आणि खाडीत फेकली. ती मात्र कुणी उचलून नेली नव्हती. साकिउसाने पहिल्या दिवशी एकवीस खिळे मारले, त्यातले आठ लाकडात गेले आणि एक अंगठ्यात.

पण घराचा नकाशा त्याने काढलेला होता, आणि तिथे त्याचा हात कोण धरणार? समितीचा शिक्का असलेला, शाईने काढलेला, कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण असलेला नकाशा. खांब उभे राहिले, तुळया चढल्या, दाराची चौकट बसली. पाचव्या दिवशी वासिती आली, साकिउसाची हॅट घालूनच, आणि नुसत्या सांगाड्यात एका टोकाला जाऊन बसली.

"इथे माझं अंथरूण ना?"

"हो बाई."

"आणि दार हे?" तिने डोक्यामागे बोट दाखवलं. "म्हणजे पाहुणारावळा, शेजारणीचं कोंबडं, जो येईल तो माझ्या उशाशी पाय ठेवून आत येणार? मानाच्या टोकाला दार? ताउवु, तू घर बांधतोयस की बसथांबा?"

साकिउसाने नकाशाची घडी घालून ती खिशात टाकली. येणाऱ्याने खालच्या टोकाने यावं आणि वरच्या, खाडीकडच्या टोकाला घरच्या वडीलधाऱ्यांनी बसावं, हे त्याला वयाच्या चौथ्या वर्षी ठाऊक होतं. त्याच्या आईने पाठीत रट्टा घालून शिकवलं होतं. नासिनूच्या घराला एकच दार, ते रस्त्याकडे. तिथे चाळीस वर्षं राहून तो दार कुठे असतं हेच विसरून गेला होता. अंगठ्याचा खिळा त्याला एवढा लागला नाही.

दार हलवायचं तर मंजूर नकाशा बदलावा लागणार, आणि मंजूर नकाशा बदलायला माकेरेताची सही हवी. गावात फोन लागायचा तो एकाच ठिकाणी, डुकरांच्या गोठ्यामागच्या खडकावर. साकिउसा तिथे एक पाय वर करून उभा राहिला.

"काका, बदल असेल तर फॉर्म क्रमांक चार," माकेरेता म्हणाली. "तीन प्रती. समिती महिन्याच्या शेवटी बसते."

"अगं पण बाईच्या उशाशी दार येतंय."

"उशीची दिशा बदलता येईल का त्यांना?"

आता गावाच्या सल्ल्यांना ऊत आला. मुखिया म्हणाला दोन दारं ठेवा. कुणी म्हणालं दारच नको, खिडकीतून येतील. वासिती म्हणाली, नकाशा बदलू नका, घर फिरवा. इनोकेने सांगाड्याकडे बघितलं, बाईकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच हसला. दुसऱ्या दिवशी गावातल्या चाळीस माणसांनी सांगाडा खांद्यावर घेतला आणि गाणी म्हणत अर्ध्या वर्तुळात फिरवून ठेवला. नकाशा जसाच्या तसा राहिला, फक्त उत्तर दिशा चुकली. अडतीस वर्षांत उत्तरेला कधी धक्का न लावलेल्या साकिउसाने तो बाण थुंकी लावून खोडला आणि उलटा काढला. 

रोज संध्याकाळी काम थांबलं की साकिउसा किनाऱ्यावर जाऊन बसायचा. पाण्यापलीकडून प्रार्थनेचा नगारा ऐकू यायचा. तो लहानपणचाच, ओंडका कोरून केलेला, की नवा, हे त्याला आवाजावरून कळेना, आणि कळत नाही याचंच फार वाईट वाटायचं. ताडपत्री वाऱ्याने फुगायची, खाली बसायची. आपण लोकांच्या घरावर पत्रे ठोकतोय आणि आपलं घर असं. पण बोलावणं नसताना जायचं कसं? आणि हातात काय घेऊन? बावीस वर्षांचा उशीर यंगोनाच्या जुडीने भरून निघतो का? एवढा विचार होईपर्यंत अंधार पडायचा आणि कुणीतरी त्याच्या सपाता नेलेल्या असायच्या.

तीन आठवड्यांनी घर पुरं झालं. दार खालच्या टोकाला, छप्पर चक्क सरळ. शुक्रवारी सकाळी वासितीने आत पाय ठेवला, चारी भिंतींवरून हात फिरवला आणि मनसोक्त रडली. मग डोळे पुसून जेवणाला लागली. जमिनीतल्या भट्टीतलं डुक्कर निघालं, भाषणं झाली. ट्रक शनिवारी सकाळी निघणार होता. साकिउसा जेवण टाकून किनाऱ्यावर येऊन बसला.

वासिती मागोमाग आली आणि धपकन शेजारी बसली.

"तू आमच्यावर कशासाठी रागावलास?"

"मी? छे हो."

"मग काहीच का नाही उचललंस? तीन आठवडे आम्ही तुला नागवलं. तुझ्या गावाला नाही नाही ते बोलले मी. तू आपला 'असू दे', 'राहू दे'. माझी कोंबडी तुझ्या पायात घोटाळत होती, ती मी मुद्दाम सोडली होती. मुखियाने कोयता तुझ्या उशाशी ठेवला दोन रात्री. तू तो नेऊन परत दिलास! धन्यवाद म्हणून! सगळ्या गावाची मान खाली गेली. आम्ही काय परके आहोत तुला?"

साकिउसाने वाळूतला एक शिंपला उचलला आणि परत ठेवला. "मला वाटलं, माझा हक्क नाही आता," तो शेवटी म्हणाला. "मी इथला राहिलो कुठे?"

वासितीने समोर हनुवटी केली. "ती ताडपत्री बघतोस ना रोज?"

"दिसते."

"समिती वुनिवेसीलाही गेली होती. तुझ्या भावाचं नाव यादीत पहिलं. त्याने खोडायला लावलं. म्हणाला, माझं छप्पर घालायला मला भाऊ आहे. चार महिने ताडपत्रीखाली बसलाय म्हातारा. पत्रे आणून ठेवलेत, वर चढवत नाही."

साकिउसा गर्रकन तिच्याकडे वळला. "हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस? तीन आठवडे तिकडे बघत बसलास, एकदा तोंड उघडून विचारलंस का, की माझा भाऊ कसा आहे?" ती गुडघ्यावर हात ठेवून उठली. "आता बोल. नासोकोतलं काय हवं तुला?"

साकिउसाने इकडेतिकडे बघितलं. समोर वाळूत मुखियाची होडी होती, मागे इंजिन लावलेली.

"होडी मिळेल का?"

"मागतोस काय मेल्या! मागितलेली वस्तू चोरीत धरत नाहीत," वासिती म्हणाली आणि गावाकडे तोंड करून ओरडली, "सगळ्यांनी पाठ फिरवा रे! ताउवु चोरी करतोय!"

भर दुपारी, शंभर माणसांच्या पाठीसमोर, एकसष्ट वर्षांच्या सभ्य गृहस्थाने होडी चोरणं किती अवघड असतं, हे ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. साकिउसाने जोर लावला. होडी हलली नाही. पाठमोऱ्या घोळक्यातून कुणीतरी आभाळाकडे बघत म्हणालं, "होडी चोरणाऱ्याने आधी नांगर उचलावा, असं माझे आजोबा सांगायचे." नांगर उचलल्यावर होडी निघाली. मग इंजिनाची दोरी तो ओढत राहिला, ओढत राहिला. "टाकीच्या झाकणाचा स्क्रू सैल केल्याशिवाय पेट्रोल येत नाही," मुखिया एका नारळाच्या झाडाला समजावून सांगत होता. इंजिन एकदाचं धडधडलं, तेव्हा मागून हसण्याचा आणि टाळ्यांचा जो कल्लोळ झाला तसा साकिउसाच्या कचेरीतल्या निरोप समारंभालाही झाला नव्हता.

"होडी न्यायला आम्ही येऊ उद्या!" वासिती पाण्यात गुडघ्यापर्यंत येऊन ओरडली. "आणि जाताना तुमची दोन डुकरं नेऊ!"

"दोनच?" साकिउसा ओरडला. "नासोकोच्या बायकांना एकेकीला दोन लागतात!"

किनाऱ्यावर कुणीतरी आनंदाने वाळूत लोळण घेतली.

होडीच्या तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेली यंगोनाची मुळं होती. कुणीतरी विसरलं असणार. साकिउसाने ती मांडीवर घेतली आणि खाडीभर माफीचं भाषण तयार केलं, जुन्या मानाच्या शब्दांत, वडील बोलायचे तसं. अर्धे शब्द आठवले, अर्धे त्याने बसवले. ओहोटी होती. होडी किनाऱ्यापासून शंभर पावलांवर चिखलात रुतली, आणि साकिउसा जुडी डोक्यावर धरून, मांड्यांपर्यंत चिखलातून, अनवाणी, गावात शिरला.

एरोनी घरावर होता. नासोकोचा कल्लोळ खाडीपलीकडून त्याला ऐकू आला असावा, कारण ताडपत्री अर्धी सोडलेली होती आणि पहिला पत्रा वर नेऊन टेकवलेला होता. तो पार वाळला होता. केस पांढरे, तोंडात खिळे धरलेले. साकिउसा शिडीखाली अंगणात मांडी घालून बसला, जुडी पुढे ठेवली, मान खाली घातली आणि बोलू लागला. घराचं नाव घेतलं, वडिलांचं नाव घेतलं, मातीला उशीर झाला म्हणाला, बावीस वर्षं अहंकार केला म्हणाला. दोनदा अडखळला. भावजय आकानिसी दारात येऊन उभी राहिली आणि पदर तोंडाशी धरावा तसा तिने सुलूचा कोपरा तोंडावर धरला. वरून आवाज नाही. तोंडात खिळे असलेला माणूस बोलणार कसा?

भाषण संपलं. एरोनीने एकेक करून खिळे काढले आणि हातात मोजल्यासारखे बघितले.

"झालं?"

"झालं, दादा."

"मग ती शिडी धर. केव्हाची डगडगतेय."

साकिउसा उठला आणि चिखलाच्या हातांनी शिडी धरली. वर ठोकठोक सुरू झाली. पत्र्यावरचा गंज त्याच्या डोक्यावर पडत होता. एक पत्रा झाला, दुसरा झाला. आकानिसीने तिसरा आणून त्याच्या अंगावर टेकवला आणि म्हणाली, "वर दे, भाऊजी. काम झाल्याशिवाय जेवण नाही."

"ट्रक उद्या सकाळी जातो ना तुमचा?" वरून एरोनीने विचारलं.

"हो."

"जाऊ दे त्याला. मागची बाजू अख्खी राहिलीय."

  साकिउसाने शिडीच्या पायरीवर कपाळ टेकलं आणि तो हमसून हमसून रडू लागला.

"अरे, हलवू नको रे!" एरोनी वरून ओरडला. "पडेन ना मी!"